आठ हजार चाललेली गाडी

मशीन बिघडलंय, असंच तिला आधी वाटलं. वाटणारच. सव्वीस वर्षं कानाच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? पेशंट तिला कानवाल्या बाई म्हणत, डॉक्टरही पाठीमागे तेच म्हणत, आणि रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी त्या जाड दाराच्या, भिंतींना फोम लावलेल्या खोलीत बसून स्वतःच्याच कानांवर हेडफोन चढवायचे आणि मशीनचे सगळे सूर एकदा ऐकून घ्यायचे, हा तिचा शिरस्ता. खालचा सूर बोटीच्या भोंग्यासारखा. मग एकेक पायरी वर. शेवटचा अगदी बारीक, उशीजवळ डास आल्यासारखा. त्या मंगळवारी डास आलाच नाही. तिने बटण पुन्हा दाबलं. आवाज वाढवला. दिवा लागत होता, काटा हलत होता आणि कानात मात्र शुकशुकाट. त्याच्या खालच्या पायरीवरचा सूरही आला तो पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा. 'मेलं ऐन गर्दीच्या दिवशी बिघडायचं होतं का,' म्हणत तिने मशीनवाल्याला फोन लावला. तो दुपारी आला, हेडफोन घातले, सगळे सूर फिरवले आणि शेवटच्या सुराला त्याने चक्क कानावरून हेडफोन उचलला. "बाई, मशीन ठणठणीत आहे हो. हा शेवटचा तर मेंदूत घुसतोय." तिने त्याच्या कागदावर सही केली. त्याला चहाही विचारला. तो गेल्यावर मात्र तिला काही सुचेना.

सगळे गेल्यावर तिने स्वतःचीच पूर्ण तपासणी केली आणि आलेख काढला. उजव्या कानाचे गोल, डाव्याच्या फुल्या. अर्ध्यापर्यंत रेघ सरळ, नीट, तरुण पोरीची असावी तशी, आणि मग धाडकन खाली, जिन्यावरून कुणी पडावं तशी. असे आलेख तिने हजारो काढले होते. माणसांची नावं ती विसरायची, चेहरे विसरायची, पण रेघ विसरायची नाही. बाजारात कुणी नमस्कार केला की आधी तिला त्याचा डावा कान आठवायचा. हा आलेख दुसऱ्या कुणाचा असता तर तिने नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं असतं, "वयाने होतं हो, घाबरायचं काही नाही. वरचे सूर आधी जातात, खालचे शेवटपर्यंत साथ देतात." सांगायला काय जातं! आता तेच वाक्य तिने रिकाम्या खोलीला सांगून पाहिलं. फोमने ते गिळून टाकलं. तिने कागदाची चार घड्यांची पुडी केली, पर्सच्या तळाशी सारली आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपण एक गाडी घेऊ या. जुनीच, पण पळणारी."

नवरा ग्रंथपाल. पस्तीस वर्षं पुस्तकांत काढलेला माणूस, त्याचा आवाज पानं उलटल्याइतकाच. भांडणसुद्धा तो कुजबुजत करायचा; त्यामुळे शेजाऱ्यांना यांच्या घरात फक्त तीच भांडते असं वाटायचं. तो आवाज ऐकूनच तर ती अडकली होती. परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालयात तिने कुठलंसं जाडजूड पुस्तक मागितलं, आणि काउंटरमागून एक मऊ, खालच्या पट्टीतला आवाज म्हणाला, "ते बाहेर गेलंय. पण तुमच्यासाठी मागवून ठेवतो." पुस्तक काय, तिने त्यानंतर कारण नसताना सात पुस्तकं मागवली. आता तोच आवाज तिला विचारत होता, "पळणारी म्हणजे?" "म्हणजे बुटकी, दोन दारांची, आवाजाची." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. स्वयंपाकघराचा ओटा दोन वर्षं तडकलेला होता आणि त्याच्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे एवढेच काय ते त्यांच्या हाताशी होते. तो म्हणाला, "ओटा?" ती म्हणाली, "ओटा काही गात नाही." त्याने मान हलवली आणि जाहिराती शोधायला बसला, त्याचं असंच. एकदा ठरलं की शोधायचं काम त्याचं, आणि शोधायला तर तो वाघ होता.

गाण्याचं खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं ते फक्त तिलाच माहीत. लहानपणी ते राहायचे त्या इमारतीखालून एक चढाचा रस्ता जायचा. पलीकडच्या घरात एक भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई राहायच्या, आणि दुपारी चारला त्या हॉस्पिटलात जायला निघायच्या त्या एका बुटक्या गाडीतून. खिडकीसमोर भिंत होती, त्यामुळे गाडी दिसायची नाही. आजही कुणी रंग विचारला तर तिला सांगता येणार नाही. पण आवाज! चढाच्या पायथ्याशी गुरगुर, मग एक दम, गियर पडल्याचा, मग वर चढत जाणारा घोष, आणि वळणावर, अगदी वळणावरच, एक शीळ. लांब, बारीक, मजेत असलेल्या माणसाची असते तशी. पाढे लिहिणारी तिची पेन्सिल थांबायची. आई आतून म्हणायची, "आली बघ तुझी शीळवाली." ती शीळ गेल्यावर रस्ता किती वेळ तरी मोकळा मोकळा वाटायचा. पुढे कळलं की गाडीच्या पोटात हवा कोंबणारी एक भिंगरी असते, ती शीळ तिची. कळून काय फरक पडला? एखाद्या बाईने माणसांना झोपवायला जाताना अशी शीळ घालत जावं, याचं तिला तेव्हा जे कौतुक वाटलं ते चोपन्नाव्या वर्षीही तसूभर कमी झालं नव्हतं. आपण म्हातारपणी, रिटायर झाल्यावर, कधीतरी अशी गाडी चालवू, असं ती स्वतःला सांगत आली होती. आता कधीतरीला जागाच उरली नव्हती. शीळ वरच्या सुरांतली. ती आधी जाणार. गेली नसली तर.

नवऱ्याने तीन दिवसांत दोन गाड्या काढल्या, एकाच दलालाकडच्या. एक चंदेरी, पाच वर्षांची, शीळवाली. दुसरी हिरवी, बारा वर्षांची, लांब नाकाची, सहा सिलिंडरची, सीट फाटलेली, एक काच वर न जाणारी. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच, म्हणजे ओट्याएवढी. तिने स्पीकरवर फोन लावला. दलाल मोठा बोलका. चंदेरीबद्दल तर एखाद्या मुलीचं स्थळ सांगावं तसा बोलत होता: एकच मालक, एकदाही ठोकलेली नाही, आतून कोरी, आणि आठ हजार चाललेली. तिच्या अंगावर काटा आला. आठ हजार! पाच वर्षांत आठ हजार म्हणजे गाडी कुणी चालवलीच नाही, नुसती पुसली. फोन ठेवल्यावर नवरा संत्र सोलता सोलता म्हणाला, "रास्त आहे, नाही?" तिला भरून आलं. ओट्याचं नाव न काढता हा माणूस रास्त म्हणतो! "हो, रास्तच," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं, आणि तिच्या हातात संत्र्याची फोड ठेवली. नणंदेने फोनवर "या वयात?" म्हणून विचारलं तेव्हाही ती ठसक्यात म्हणाली, "आठ हजारच चाललीय, नव्यासारखी आहे." पर्समधला कागद तिने त्या दिवसांत एकदाही उघडला नाही.

रविवारी सकाळी दलालाच्या आवारात ती दोघं पोचली तेव्हा मेकॅनिक आधीच येऊन हिरवीच्या बॉनेटला टेकून उभा होता. हा तिचा जुना पेशंट. चेहरा सुरकुतलेला, हात काळे, आणि आलेख असा की तिने सव्वीस वर्षांत तसे दोनच पाहिले. ट्रकचं चाक तोंडाजवळ फुटलं आणि दोन्ही पडदे गेले. हवेतून येणारा आवाज त्याला जवळजवळ बंद. पण कानामागच्या हाडावर कंप ठेवला की रेघ सरळ, दोरी ताणल्यासारखी. आतली नस शाबूत होती, वाट तेवढी बंद. तिने त्याला यंत्र सुचवलं तेव्हा तो हसून म्हणाला होता, "यंत्र नको ताई. बायको काय बोलते ते तोंड बघून कळतं, आणि गाडी मी दातांनी ऐकतो." खिशातून त्याने हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढून दाखवला होता, लाकडी मुठीचा, आणि मुठीवर दातांचे ठसे. टोक इंजिनवर, मूठ दातांत. जे ती लाखभराच्या मशीनने दाखवायची ते हा माणूस हत्याराने रोज करत होता, कुणी न शिकवता. त्या दिवशी तिने त्याच्या कागदावर नेहमीची ओळ लिहिली, पण मनातून ती आदराने उभी राहिली होती. एवढंच नव्हे, त्यानंतर हाडावरची तपासणी करताना दर वेळी तिला त्या मुठीवरचे दात आठवायचे.

"काका, आधी चंदेरी बघा," ती त्याच्या समोर तोंड नेऊन म्हणाली. चंदेरी खरोखरच देखणी होती हो. छताची उतरण पाठीमागे अशी सरकत गेली होती की कुठे संपली ते हात फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. दार मिटलं की 'थप्प' असा भरीव आवाज, मऊ मातीवर पाय पडल्यासारखा. तो आवाज तिला स्वच्छ आला आणि उगाच धीर आला. ती आत बसली. स्टिअरिंगचं कातडं हाताला थंड लागलं. दलालाने खिडकीतून किल्ली फिरवायची खूण केली. तिने श्वास धरला, किल्ली फिरवली, पाय हळूच दाबला. बाहेर उभ्या नवऱ्याने कपाळाला आठी घातली. तिला ऐकू आली फक्त इंजिनची गुरगुर. तिने आणखी दाबलं. गुरगुर वाढली, आणि त्याच्या वर, जिथे शीळ असायला हवी तिथे, काही नाही. मोकळा रस्ता. आणि तेवढ्यात समोरचा मीटर उजळला: साठ हजार चारशे बारा.

माणसाला दुःख झालं की ते समोर दिसेल त्याच्यावर निघतं. ती गाडीतून उतरली ती दलालावरच तुटून पडली. "फोनवर आठ हजार म्हणालात! आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत? साठ आणि आठ यात फरक असतो!" दलाल आधी हसला, मग घाबरला. "बाई, साठच म्हणालो मी. पाच वर्षांची गाडी आठ हजार चालली म्हटलं तर कोण विश्वास ठेवील माझ्यावर? शपथ घेतो." "घ्या, त्याला काय पैसे पडतात?" ती गरजली. मग मागून नवऱ्याचा मऊ आवाज आला, आणि या वेळी तिने वळून त्याच्या ओठांकडे पाहिलं. "तो साठच म्हणाला होता गं." "मग तेव्हा गप्प का बसलात?" "गप्प कुठे बसलो? जास्त आहे, नाही, असं विचारलं तुला. तू म्हणालीस, हो, रास्तच. मला वाटलं, तू मन घट्ट केलंयस. म्हटलं, जाऊ दे." जास्त. रास्त. साठ. आठ. तिच्या डोक्यात एकेक अक्षर जागेवर जाऊन बसलं, आणि ज्या जागा रिकाम्या दिसल्या त्या तिला व्यवसायाने पाठ होत्या. स. ज. श. जिन्यावरून पडलेली सगळी. पेशंट बायका नवऱ्यांना आणायच्या आणि म्हणायच्या, "यांना अर्धंच ऐकू येतं, उरलेलं हे मनचं घालतात," आणि ती हसून मान डोलवायची. आता तिने मनचं घातलं होतं. घालताना सगळं चांगलंच घातलं होतं, एवढंच.

मेकॅनिक इतका वेळ सगळ्यांची तोंडं बघत होता. तो पुढे आला आणि बहिरी माणसं बोलतात तसा नको तितक्या मोठ्याने म्हणाला, "ताई, किती गेलं?" लपवायचं कुणापासून आणि कसं! "वरचं," ती म्हणाली. "वरचं सगळं. खालचं आहे." पर्सच्या तळातून तिने तो कागद काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्याला त्यातलं काही कळणार नव्हतं, पण कागद वाचायची त्याची सवय; त्याने तो दोनदा वाचला, गोल आणि फुल्या धरून, तारखेसकट. "मंगळवारचा आहे," तो म्हणाला. "मला का नाही सांगितलंस?" खरं उत्तर तिच्या ओठांवर होतं आणि ते द्यायची तिला लाज वाटत होती, तरी तिने दिलं. "सांगितलं असतं तर तुम्ही मोठ्यांदा बोलायला लागला असतात. मला तुमचा आहे तो आवाज हवाय." दलालाने, बिचाऱ्याने, चेहरा वळवून एका टायरला उगाच लाथ मारून पाहिली.

मग नवऱ्याने कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली, आणि गाड्यांतलं ओ की ठो न कळणारा तो माणूस चंदेरीच्या बॉनेटशी जाऊन वाकून उभा राहिला. "या बाजूला शिट्टी वाजतेय," तो म्हणाला. "एकसारखी नाही. मध्येच किरकिरते." तिने ते मेकॅनिककडे तोंड करून पुन्हा म्हटलं. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे टेकवलं, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. तो असा डोळे मिटून उभा राहिला की आवारातल्या त्या गंजक्या पत्र्यांतही अदब शिरली. तिघांचा मिळून एक धड माणूस झाला होता: एकाला कान पण समज नाही, एकाला समज पण पडदे नाहीत, आणि तिसरी दोघांमधली दुभाषी. "भिंगरी घासतेय," मूठ बाहेर काढून तो म्हणाला. "आज गोड वाटते, वर्षाने रडवेल. आणि हिचं सगळं गाणं वरच्या पट्टीत आहे, ताई. ऐकणार कोण?" हे तो क्रूरपणे म्हणाला नाही. टायर कुठला घ्यावा ते सांगावं तसं म्हणाला, म्हणूनच ते तिला सहन झालं. तिने चंदेरीच्या छतावरून एकदा हात फिरवला. इतकं सुंदर काही आपल्याला मिळू नये याचा राग यायला हवा होता. आलं ते कौतुकच. जा बाई, शीळ घालत जा कुणाबरोबर तरी.

हिरवीला तिने त्या क्षणापर्यंत धड पाहिलंच नव्हतं. लांब नाक, थोडे मिचमिचे दिवे, दारावर एक जुना ओरखडा. मीटरवर लाखाच्या वरचा आकडा, आणि तो आकडा दलालाने दोन्ही हातांची बोटं वापरून तिला सांगितला; माणूस शहाणा होता. इंजिन सुरू झालं तेव्हा आधी तिच्या पायाखालची फरशी हलली, मग आवाज आला. मेकॅनिकने टोक इंजिनवर धरलं आणि मूठ तिच्यापुढे केली. "धरा दातांत. लाजू नका." तिला नीट ठाऊक होतं की या वाटेने तिचं गेलेलं परत येणार नाही; तिची वाट उघडीच होती, दमली होती ती नस. ठाऊक असूनही तिने ती लाकडी मूठ, त्याच्या दातांच्या ठशांसकट, दातांत धरली. आणि अहो, सहाच्या सहा! एकामागून एक, एकाचाही पाय चुकत नाही, डोक्याच्या कवटीत, गालफडांत, डोळ्यांमागे, एक जाड, उबदार, शहाणा आवाज. कुठेही भोक नाही. मनचं काही घालावं लागत नव्हतं. हा सूर तिच्या आलेखात डाव्या बाजूला, खालच्या सुरांत होता, तरुण पोरीच्या रेघेवर, आणि तिथे तो दहा वर्षं, वीस वर्षं, कदाचित तिच्याइतकाच टिकणार होता. नवऱ्याचा आवाज त्याच्या जरासाच वर लागतो, हेही तिच्या तेव्हाच ध्यानात आलं. त्यातली काही अक्षरं गळतील. आवाज गळणार नाही. तिने मूठ दातांतून काढली, रुमालाने पुसली आणि मेकॅनिकला परत दिली. "ही," ती म्हणाली. दलालाला काही कळलं नाही. "पण बाई, सीट..." "सीट शिवता येते," नवरा म्हणाला.

दलालाने चक्कर मारून या म्हटलं. गावाबाहेर एक चढ होता, लांब, मोकळा, शेवटी वळण असलेला. नवरा शेजारी पट्टा आवळून बसला होता आणि वेगाच्या काट्यावर त्याची अशी नजर होती की जणू त्या काट्याची मुदत आज संपत होती. न मिटणाऱ्या काचेतून वारा आत येत होता. पायथ्याशी तिने गियर टाकला, आणि हिरवी तो चढ नुसत्या पोटाच्या जोरावर चढायला लागली, बोभाटा नाही, घाई नाही. सीटमधून, पाठीतून, स्टिअरिंगवरच्या तळव्यांतून तो सूर वर येत होता. वळण जवळ आलं. तिथे शीळ होणार नव्हती. तिने वाट पाहिली, सवयीने, आणि झाली नाही, आणि ते तसं ठीक होतं. नवऱ्याचे ओठ हलले. "आठ?" तिने विचारलं. तो तिच्याकडे बघत राहिला. पस्तीस वर्षं माणसांना हळू बोला, हळू बोला सांगत आलेला तो माणूस, त्याने छाती भरून श्वास घेतला, मान शिरा फुगेपर्यंत ताणली, आणि ओरडला, "सssसाठ!" स दातांवर घासून, लांबवून, तिच्या कानाशी. आवाज फाटला, शेवटी चिरकला, कधी न वापरलेल्या वस्तूचा व्हावा तसा. तिने तो याआधी आयुष्यात ऐकला नव्हता. खोलीतल्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला ती सव्वीस वर्षं एकच सांगत आली होती: ऐकू आलं की बोट वर करायचं, अंदाजाने नाही, खरंच आलं तर. समोर वळण होतं. तिने रस्त्यावरची नजर न काढता स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं.